नक्षीची मागची बाजू

इश्राकला बारा जोड्या हव्या होत्या. अकरा झाल्या होत्या आणि बारावी काही केल्या जमत नव्हती.

तेतुआनच्या कलाशाळेत फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला तिनं विषयच असा घेतला होता. एका बाजूला निसर्गानं केलेली नक्षी, दुसऱ्या बाजूला माणसानं केलेली, आणि दोन्ही फोटो इतके सारखे की बघणारा फसावा. मधाचं पोळं आणि मशिदीच्या खिडकीची जाळी झाली. खजुराच्या खोडाची साल आणि विणलेली टोपली झाली. फोडलेल्या डाळिंबासाठी तिनं कातडी कमावणाऱ्यांच्या गच्चीवर नाक दाबून तीन दिवस काढले, तेव्हा कुठे रंगांच्या हौदांचा फोटो मनासारखा आला. अकरा जोड्या बघून मास्तर म्हणाले, "छान आहेत. पण मी अजून फसलो नाही." झालं, त्या एका वाक्यानं पोरीची झोप उडाली. सुट्टीला फासला घरी आली ती ही कटकट बरोबर घेऊनच.

घरी माणसं दोनच. एक बाप, सी बूश्ता, झेलीजचा उस्ताद. भाजलेल्या मातीच्या रंगीत फरशा हातोडीनं टोकरायच्या, त्यांचे चांदण्या-पाकळ्यांसारखे तुकडे पाडायचे आणि तुकड्याला तुकडा लावून भिंतीवर नक्षी उभी करायची, हा त्यांच्या घराण्याचा धंदा. दुसरी लल्ला ताहरा, बूश्ताच्या थोरल्या भावाची बायको. इश्राकची आई ती वर्षाची असतानाच गेली. हगण्यामुतण्यापासून कॅमेऱ्याच्या हट्टापर्यंत सगळं काढलं ते लल्लानं.

आणि न दिसणारं एक तिसरं माणूसही त्या घरात होतं. अल्लाल, लल्लाचा नवरा. चोवीस वर्षांपूर्वी तो कोणाच्या तरी होडीतून स्पेनला आणि तिथून बेल्जियमला गेला, असं बूश्तानं येऊन सांगितलं होतं. इश्राक आठ वर्षांची होईपर्यंत त्याची तीन पत्रं आली, तीही टपालानं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती. लल्लाला वाचता येत नव्हतं. इश्राकच अंगणात बसून मोठ्यानं वाचून दाखवायची. "मी खुशाल आहे. इथे गारठा फार, ऊन नावाला दिसत नाही. पण कामावरची माणसं चांगली आहेत, तू काळजी करू नकोस." लल्ला तिला परत परत वाचायला लावायची आणि बक्षीस म्हणून तिळाचा लाडू द्यायची. पुढे पत्रं थांबली.

माणूस आहे की गेला, कुणी सांगावं? नवरा गेला तर बाईनं चार महिने दहा दिवस पांढरे कपडे घालायचे, दार धरून बसायचं, आणि मग मोकळं व्हायचं, अशी रीत. लल्लाला तेही मिळालं नाही. पांढरा जोड तिच्या संदुकीच्या तळाशी होता, तिच्या आईचा. दर वर्षी ती तो काढून धुवायची, वाळवायची, आणि परत घडी घालून ठेवायची. बायकांनी विचारलं तर म्हणायची, "कसर लागते गं ठेवून ठेवून." बूश्ता त्या दिवशी घरी जेवत नसे.

अल्लालच्या हातची एकच गोष्ट घरात उरली होती. अंगणातल्या नळाच्या वर बसवलेली परातीएवढी नक्षी. मधे आठ टोकांची चांदणी आणि तिच्याभोवती बदामी पाकळ्यांचे वेढे, पण पाकळ्या सरळ उभ्या नव्हत्या, सगळ्या उजवीकडे कललेल्या, जणू चांदणी आत्ताच गिरकी घेऊन थांबली आहे. शहरात दुसरा कोणी तशी करत नसे. आणि तिसऱ्या वेढ्यात एक पाकळी जराशी अरुंद. तिच्यावरून बूश्ता अजून चिडायचा. "इतका मोठा उस्ताद आणि एक पाकळी मापात टोकरता येत नव्हती त्याला," असं नळावर हात धुताना म्हणायचाच.

तर सप्टेंबरात इश्राक गेली 'ऐन तुफ्फाह' नावाच्या, धरणात बुडालेल्या गावाला. पाच वर्षं पाऊस नाही, त्यामुळे डोंगरातल्या धरणाचा तळ उघडा पडला होता आणि सुकलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या. भेगांचा फोटो कोणीही काढतो हे तिलाही माहीत होतं, पण बारावी जोडी सापडत नसली की माणूस काहीही करतो. पहाटेची बस धरून उन्हाची तिरीप खाली असतानाच ती पोहोचली, कारण सावल्या भेगांमधे भरलेल्या असतात त्याच वेळी फोटो निघतो.

तळात बुडालेल्या गावाच्या गुडघाभर भिंती वर आल्या होत्या. चिटपाखरू नव्हतं. ऊन चढायला लागलं तसा गाळ वाळत वाळत तडकायला लागला. टक, टक, बारीक आवाज सगळीकडून. एका मोठ्या घराचं अंगण असावं अशा चौकोनात ती शिरली आणि थांबलीच.

भेगा वेड्यावाकड्या असतात. इथे नव्हत्या. अंगणाच्या मधोमध गाळाला आठ टोकांची चांदणी पडली होती आणि तिच्याभोवती पाकळ्यांचे तीन वेढे. इश्राक खाली बसली आणि बोटानं एक भेग चाचपून पाहिली. कोणी काठीनं कोरलेली नव्हती ती, आतून फाटलेली होती, कडा वर वळलेल्या. तिच्या पाठीवर काटा आला. पण विद्यार्थिनी ती विद्यार्थिनीच. आधी चाळीस फोटो काढले, मग घाबरली.

घरी येऊन तिनं तो फोटो आणि नळावरच्या नक्षीचा फोटो शेजारी शेजारी लावले. पाकळ्यांची संख्या तीच. फरक एकच. घरातल्या पाकळ्या उजवीकडे कललेल्या, गाळातल्या डावीकडे. आपल्याकडूनच फोटो उलटा झाला असेल म्हणून तिनं तपासलं. तसं झालं नव्हतं. मग मुद्दाम उलटा करून एकावर एक ठेवला, तर रेघेवर रेघ बसली. तिसऱ्या वेढ्यातली अरुंद पाकळीसुद्धा.

ती उड्या मारतच बापाकडे गेली. बूश्ता मांडी घालून फरशी टोकरत होता.

"बा, मास्तर फसणार. हे बघ, यातलं काकाचं कुठलं आणि मातीचं कुठलं ते सांग."

बूश्तानं फोटो हातात घेतला. हातोडी खाली पडली ती त्याच्या अंगठ्यावर, पण तो हूं की चूं करेना.

"कुठे काढलास?"

"धरणात. ऐन तुफ्फाहला."

"पुसून टाक."

"अरे पण बा, बारावी जोडी—"

"माती ती माती, तिला कसली अक्कल. आज अशी फुटली, उद्या तशी फुटेल. पुसून टाक म्हटलं ना. आणि लल्लाला दाखवलंस तर माझ्याशी बोलू नकोस." एवढं बोलून तो अंगठ्याचं रक्त चोखत बाहेर निघून गेला.

बाप असा कधी वागत नसे. इश्राकच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकल्यावर ती गप्प बसते थोडीच. तीन दिवसांनी ती परत ऐन तुफ्फाहला गेली.

गाळातली परातीएवढी नक्षी आता दोन्ही हात पसरले तरी मावेना इतकी झाली होती. तिसऱ्या वेढ्याच्या बाहेर चौथा, पाचवा, सहावा, सगळ्या पाकळ्या डावीकडे कललेल्या. नक्षी जिथे संपत होती तिथून पुढे साध्या, गाढवाच्याही लक्षात येणार नाहीत अशा भेगा. दर दिवसाला एक वेढा.  ती कॅमेरा छातीशी धरून उभी राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, इथली टकटक बाकी तळासारखी नाही. इथे ठेका होता. तीन हलके, एक जड, मग थांबा. तीन हलके, एक जड. उन्हात वाळणारी माती अशी वाजत नाही. तशी हातोडी वाजते.

बस येईपर्यंत ती रस्त्यावर कानात बोटं घालून बसली.

घरी लल्ला चूल पुसत होती. इश्राकनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. "लल्ला, काकाची हातोडी कशी वाजायची?"

"हे काय मधेच?"

"सांग ना."

लल्लानं फडकं बाजूला ठेवलं आणि चहाच्या तबकावर नखानं वाजवून दाखवलं. तीन हलके, एक जड, थांबा. "तुझ्या बापाची दोन आणि एक, लगेच कळायचं. गल्लीच्या तोंडाशी असले तरी मी सांगायची, आत्ता कोण टोकरतंय ते." मग पोरीचं तोंड बघून ती म्हणाली, "काय झालं गं? भूत बघितल्यासारखी काय करतेस?"

बापाला दिलेला शब्द असा काही नव्हताच, त्यानं नुसता दम दिला होता. इश्राकनं फोटो समोर ठेवला. म्हणाली, "ही बघ. काकाच्या नक्षीसारखीच आहे, पण उलटी. मला कळतच नाही, फोटो तर सरळ आहे."

लल्लानं चष्मा लावला, काढला, बाहीनं पुसला, परत लावला. 

"उलटी कुठे, ही मागची बाजू आहे," ती म्हणाली.

आता हे तुम्हा-आम्हाला सांगावं लागतं, त्या घराला नाही. झेलीजची नक्षी मांडतात ती पालथी. रंगाची बाजू जमिनीकडे, मातीची बाजू आपल्याकडे. उस्ताद शेकडो तुकडे असे पालथे लावत जातो. रंग दिसत नाही, नक्षी सगळी डोक्यात. वरून चुन्याचा गिलावा, म्हणजे गच्ची, ओतायची, वाळू द्यायची, आणि मग चार हातांनी उचलून उलटी करायची. तोवर आपण काय केलं ते खुद्द उस्तादालाही दिसत नाही. लल्लानं बारा वर्षं नवऱ्याच्या पाठीमागे उभं राहून चहाचे पेले दिले होते. तिच्या डोळ्यांना अल्लालची नक्षी डावीकडेच कललेली सवयीची होती.

"रंग खाली आहे, आणि बघणाराही खालीच आहे," लल्ला म्हणाली.

दारात बूश्ता उभा होता. कधीपासून, कोण जाणे. लल्ला उठली, संदूक उघडली आणि तळाशी हात घालून एक गाठोडं बाहेर काढलं.

"बूश्ता, उद्या सकाळी गाडी सांग," ती म्हणाली. "आणि पहार घे."

सकाळी गाडी निघाली. धरणापाशी उतरल्यावर बूश्ता पुढे झाला, आणि इश्राकनं न सांगता नेमका त्या अंगणात गेला. एका रात्रीत नक्षी चारी भिंतींना जाऊन टेकली होती. टकटक चालू होती. लल्लानं ती ऐकली, खाली बसली, आणि तळहात गाळावर ठेवून म्हणाली, "सांग."

बूश्तानं सांगितलं. घर एका सावकारी माणसाचं होतं. धरण-बिरण सगळ्या बाता आहेत म्हणत तो शेवटच्या दिवसापर्यंत कारंज्याचं काम करून घेत होता. मग हुकूम आला, गाव एका दिवसात रिकामं झालं, मालकही पळाला. हे दोघे भाऊ मागे राहिले, कारण अल्लालनं नक्षी मांडून वरून गच्ची ओतली होती आणि ती ओली होती. उचलल्याशिवाय येणार नाही म्हणाला. कडेला गच्ची कमी पडली, ती कालवायला आणखी पाणी हवं होतं म्हणून तो अंगणातल्या टाक्यात उतरला, आणि टाक्याची कमान त्याच्यावर बसली. कमरेपासून खाली दगडांत.

"दोर नव्हता. पहार वाकली. मी म्हटलं, धरणावर पहारेकरी आहेत, पळत जातो, दोन तासांत माणसं आणतो. तर म्हणाला, जाऊ नकोस, मला एकट्याला सोडू नकोस." बूश्ता भिंतीला धरून बोलत होता. "आणि मी गेलो नाही, लल्ला ताहरा. भावानं सांगितलं म्हणून बसून राहिलो. गेलो असतो तर तो वाचला असता."

"बोलत होता?"

"अस्रच्या नमाजापर्यंत, दुपार कलेपर्यंत."

"काय बोलत होता?"

 "विचारत होता, वाळली का रे. सारखं तेच. वाळली असेल तर उचल, मला दाखव एकदा. मी म्हणायचो, ओली आहे, दादा, तुटेल. तो गप्प झाला त्यानंतर तासाभरानं वाळली."

लल्लाचा हात गाळावरून हलला नाही.

"मग मी ती उचलली. एकट्यानं कशी उचलली, देव जाणे. आणि टाक्याच्या तोंडावर ठेवली, रंग त्याच्याकडे करून. तिसऱ्या दिवशी पाणी आलं." तो इश्राककडे वळला. "पण त्या पाठीवर बोटभर गच्ची आहे, पोरी. गुळगुळीत. सांधे वर दिसूच शकत नाहीत. या मातीला कसं कळलं ते मला माहीत नाही."

त्यांनी उकरायला घेतलं. गाळ घोट्याएवढा होता आणि त्याचे तुकडे हातात येत होते ते तयार पाकळ्यांच्या आकाराचे. खाली गच्ची लागली, खरंच सपाट, एकही रेघ नसलेली. बूश्तानं पहार घातली, इश्राकनं आणि लल्लानं कडा धरल्या. पहिला जोर लावला तेव्हाच टकटक थांबली. इतकी शांतता पसरली की तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

नक्षी उचलून त्यांनी भिंतीला टेकवली. टाकं तोंडाखाली वीतभर सोडून गाळानं भरलेलं होतं. आत दुसरं काही दिसलं नाही, आणि कोणी निरखून पाहिलंही नाही.

पण नक्षी सगळ्यांनी पाहिली. चोवीस वर्षं धरणाच्या पाण्याखाली पालथी पडलेली वस्तू. कडेला गाळाचा टणक, काळा थर होता, नखानंही निघेना असा. आणि मधे हिरवं, पांढरं, निळं, मधाच्या रंगाचं सगळं लखलखत होतं. स्वच्छ भाग गोल होता. एखाद्या माणसानं उताणं पडून हात फिरवला तर जेवढा पोहोचेल, तेवढाच.

बूश्तानं बोट लावून पाहिलं. बोटाला धूळसुद्धा लागली नाही. 

"बघितलं त्यानं," लल्ला म्हणाली.

मग तिनं गाठोडं सोडलं. पांढरा झगा कपड्यांवरूनच घातला, पांढरा रुमाल डोक्याला बांधला, पांढरे मोजे चढवले, सगळं सावकाश, एकेक. इश्राकच्या गळ्यात कॅमेरा होता. तिनं तो पिशवीत ठेवून दिला. बारावी जोडी तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला ती नको होती. तिला रडू आवरेना, कारण ती पत्रं तिनं वाचली होती, सूर लावून, लाडवासाठी.

गाठोड्यात आणखी एक डबी होती. लल्लानं तीन पत्रं काढून बूश्तापुढे धरली.

"तुला माहीत होतं?" बूश्तानं विचारलं.

"मला वाचता येत नाही, वास येतो. तिन्ही कागदांना तुझ्या चुन्याचा वास होता."

"मग बोलली का नाहीस, लल्ला? चोवीस वर्षं?"

"बोलले असते तर हे घालावं लागलं असतं." तिनं पांढऱ्या बाहीवरची माती झटकली. "पोरीनं पुष्कळ वेळा वाचलं. आता तू वाच. त्याला ऐकू जाईल असं."

बूश्तानं पहिलं पत्र उघडलं. अक्षर त्याचंच. तो टाक्याच्या तोंडाशी बसून वाचायला लागला, "मी खुशाल आहे. इथे गारठा फार, ऊन नावाला दिसत नाही," आणि तिथेच अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला.

लल्लानं त्याच्या हातून कागद काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढचं मला पाठ आहे." आणि खाली वाकून, टाक्यात बघत, ती ते म्हणायला लागली.